पाचवी खेळाडू

कोपनहेगन

प्रिय इबू, माझी आई,

तुझ्या गुडघ्यांवर डोकं टेकते. मी बरी आहे, इथे भातही मिळतो. बापाकचा खोकला थांबला का?

बॅडमिंटनच्या या स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत इंडोनेशिया प्रत्येक लढत तीन-शून्यने जिंकला. माझा सामना पाचवा, आणि तीन सामने जिंकले की लढत संपते, त्यामुळे मला खेळायची वेळच आली नाही. आज अंतिम लढतीत एक-तीनने हरलो. चौथ्या सामन्यावरच सगळं संपलं.

कोच म्हणाले, "पुढच्या वेळी, रेत्नो."

"पुढच्या वेळी मला संघात कोण घेणार, सर?" मी विचारलं.

माझ्यासाठी धरलेले सोमवार-गुरुवारचे उपास आता सोड. आणि शेजारणींना सांग, टीव्हीवर रडणाऱ्या मुलींमध्ये जिचा शर्ट कोरडा होता, ती तुझी लेक.

तुझीच,
रेत्नो