बसणाऱ्याचं माप

प्रिय बारक्या,

एवढ्या मोठ्या साहेबाला बारक्या म्हणावं की नाही, असा प्रश्न पेन हातात घेतल्यावर पडला होता. पण दुसरं काही लिहिलं असतं तर तुला वाटलं असतं, ताई रागावलीय. रागावले आहेच, पण ते पुढे येईल. पत्र बघून घाबरू नकोस, घरात सगळे ठीक आहेत. सगळे म्हणजे काय, बाबा आणि मी. मेल पाठवला तर तू उघडत नाहीस आणि फोन केला की तुझी मीटिंग चालू असते, म्हणून दवाखान्याच्या टेबलावर बसून हे लिहितेय. डॉक्टर जेवायला घरी गेलेत आणि दात दुखणारी माणसंही दुपारी जरा दम खातात.

बाबा कामाला होते तो कारखाना बंद झाला हे तुला माहीतच आहे. त्यानंतर बाबांनी काय मांडलंय ते मात्र कुणी नीट सांगितलं नसेल. त्यांनी खुर्च्या दुरुस्तीचा धंदा काढलाय. म्हणजे काढायचा ठरवलाय. बाहेरची खोली रिकामी केली, तिथला सोफा माझ्या खोलीत आणून कोंबला, आता मला पलंगावर जायचं तर सोफ्यावरून चढून जावं लागतं. बाहेर वेताच्या जुड्या भिंतीला टेकवून ठेवल्यात, वेत भिजत घालायला आंघोळीचा मोठा टब पळवलाय, खिडकीत सरसाचा डबा. घरभर ओल्या वेताचा वास. पहिले काही दिवस मी कटकट केली, मग सवय झाली. खरं सांगू? आई गेल्यापासून त्या खोलीत पहिल्यांदा काहीतरी चाललेलं होतं, ते मला बरं वाटत होतं.

दारावर पाटी लावण्याआधी बाबांना वेबसाइट हवी होती. हल्ली माणसं रस्त्यावर मान वर करून चालत नाहीत, पाटी कोण वाचतो, असं त्यांचं म्हणणं. ते काही चूक नव्हतं. मग मी आमच्या दवाखान्यातल्या एका पेशंटला घरी घेऊन आले. ती वेबसाइट बनवते, अक्कलदाढेच्या निमित्ताने ओळख झाली. बोलायला साधी आणि धीर एवढा की बाबांनी तेच तेच पुन्हा विचारलं तरी आवाज चढत नाही. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, की वेबसाइट दिसते कशी ते नंतर बघू, आधी तिच्या मागे सीएमएस कुठली ठेवायची ते ठरवा. तुझा तर हा रोजचाच विषय, पण मला कसा कळला ते सांगते. फोटो बदलायचा, दर बदलायचा, आज दुकान बंद असं लिहायचं, तर दर वेळी तिच्या मागे लागायला नको, आपलं आपल्याला करता यावं, म्हणून आतून जी सोय असते ती सीएमएस.

तिने तीन पर्याय ठेवले. पहिली तयार मिळणारी, महिन्याला भाडं भरायचं, चौकोन उचलून इकडचे तिकडे ठेवायचे, बाकीची काळजी त्या कंपनीची. दुसरी फुकट, जगभर चालणारी, पण देखभाल आपली. तिला जोडलेले भाग वेळच्या वेळी अपडेट केले नाहीत तर कुणीतरी आत घुसून सगळ्याचा विचका करतं. तिसरीत नुसता मजकूर आणि फोटो साठवायचे. लोकांना दिसणारी वेबसाइट वेगळी, ती कोड लिहून बांधायची, आणि पुढे दिसण्यात काही बदलायचं तर कोड येणारं माणूस हाताशी हवं. तिला हेडलेस म्हणतात म्हणे. मी म्हटलं, बिनडोक्याची कामं आमच्या घरात आधीच पुष्कळ होतात. वेबसाइटवाली हसली. बाबा हसले नाहीत, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

कारखाना सांभाळून बाबा घरी खुर्च्या दुरुस्त करायचे, तेव्हापासूनची त्यांची पद्धत तुला आठवत असेल. खुर्ची आली की ते आधी तिच्याकडे बघतच नाहीत. आणणाऱ्याला विचारतात, बसणार कोण? मग त्या बसणाऱ्याचं माप. गुडघ्यापासून टाचेपर्यंत किती, उठताना कुठल्या हातावर भार देतो, बसल्या बसल्या डुलकी काढतो का. आजीसाठी खुर्ची घेऊन आलेल्या एका गृहस्थांना त्यांनी परत पाठवलं होतं, आजींना घेऊन या म्हणून. आणि काम झालं की दिवसभर स्वतः त्या खुर्चीवर बसून बघणार. आई म्हणायची, गिऱ्हाईक बसायच्या आधी हेच ती झिजवून ठेवतात.

तिन्ही सीएमएसवर बाबा तसेच बसले. वेबसाइटवालीने तिन्हींची चाचणी सुरू करून दिली आणि बाबांनी तिन्हींत एकाच खुर्चीचं पान करायला घेतलं, घरातलीच, बैठक फाटलेली हातांची खुर्ची. पहिल्या सीएमएसवर एका दुपारीत पान तयार. फोटो आडवा पडला होता, तो त्यांनी स्वतः सरळ केला. खाली लिहिलं, 'कामाला वेळ लागतो. घाई असलेल्यांनी येऊ नये.' अशी जाहिरात मी जन्मात पाहिली नव्हती. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं माझ्या, आणि ते नुसते मिशीत हसत बसले. मला वाटलं, झालं, ठरलं. दुसरीत कसली तरी सूचना आली, त्यांनी बटण दाबलं, आणि पानाचा अर्धा भाग गायब झाला. तो वेबसाइटवालीने परत आणून दिला. तिसरी उघडली तर नुसते रिकामे रकाने. नाव, वर्णन, फोटो. बाबांनी ते सगळे भरले आणि मग पान शोधत बसले. पान कुठेच नव्हतं. ते कुणीतरी बांधल्याशिवाय दिसणारच नव्हतं. तरी ते दिवसभर त्या पडद्यासमोर बसून राहिले.

निवडायच्या दिवशी वेबसाइटवाली आली आणि तिने नेमका त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला. काका, ही वापरणार कोण?

"मुलगा," बाबा म्हणाले. "त्याचं कामच आहे हे. तो आला की बघेल सगळं."

आणि त्यांनी तिसरी निवडली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पडलेले वेताचे तुकडे गोळा करायला लागले. तिने परत एकदा समजावलं, की एवढ्याशा दुकानाला हे झेपणार नाही, साधा दर बदलायचा तरी अडून बसाल. बाबा म्हणाले, अडू दे.

आता माझ्या रागाबद्दल. दवाखान्याची वेबसाइट मीच सांभाळते. डॉक्टरांच्या वेळा, सुट्ट्या, फोटो, सगळं मी बदलते आणि आजवर काही बिघडलं नाही. मी बाबांना म्हटलं, पहिली घ्या, रोजचं तुम्ही करा, अडलं तर मी आहे. तर म्हणाले, तुला कशाला त्रास, तुझ्यामागे काय कमी कामं आहेत. मायेने म्हणाले रे. म्हणूनच जास्त लागलं. घरचं सगळं मी करते, त्यांची औषधं, वीज, पाणी, छप्पर, पण धंद्याची गोष्ट निघाली की त्यांच्या डोळ्यांसमोर तू येतोस. तुझ्या अभ्यासाच्या खुर्चीला ते दर सुट्टीत पायाखाली ठोकळे लावायचे, तू वाढलास म्हणून. मी कशावर बसून अभ्यास केला ते विचार त्यांना. त्यांना आठवणार नाही, आणि मला त्याचं इतकं काही वाटतही नाही आता. पण आताही ते तुझंच माप धरून बसलेत, तेही आठवणीतलं. तू आता कुठे बसतोस, कसा बसतोस, आम्हा दोघांनाही ठाऊक नाही.

बाबांचे हात चालेनासे झालेत. हे मी तुला फोनवर सांगायला घेतलं होतं, तू म्हणालास नंतर बोलू. वेत ओढताना पकड सुटते. मधे सुरी हातातून निसटून पायाजवळ पडली, थोडक्यात वाचले. नसांच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, औषधाने फार तर वेग कमी होईल, गेलेली पकड परत येणार नाही. जे काम करायची हौस असेल ते आत्ताच करून घ्या, पुढच्या वर्षाचं मी सांगू शकत नाही. बाबांनी हे सगळं मान हलवून ऐकलं आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले, डॉक्टरांची खुर्ची त्यांना फार खोल आहे.

आणि हा उरलेला वेळ कसा चाललाय बघ. एक जोडपं जेवणाच्या टेबलाच्या सगळ्या खुर्च्या घेऊन आलं होतं. बाबांनी त्यांना सांगितलं, अजून दुकान सुरू नाही, मुलगा आला की वेबसाइट होईल, मग रीतसर सुरू करू. ते बिचारे सगळ्या खुर्च्या गाडीत परत भरून गेले. पाटीवर वेबसाइटचा पत्ता हवा, म्हणून पाटी अडली. पाटी नाही म्हणून जाणारा येणारा आत वळत नाही. वेत टबात भिजतो, वाळतो, परत भिजतो. एका माणसाच्या न येण्यावर अख्खा धंदा भिजत पडलाय.

गेल्या रविवारी मी भांडले. आवाज चढवून भांडले. म्हटलं, उद्या पहिली सीएमएस घ्या, उद्याच पाटी लावा, हात आहेत तोवर चार खुर्च्या विणा, हा हट्ट कुणासाठी? बाबा बैठकीची चौकट मांडीवर घेऊन बसले होते. वर न बघता म्हणाले,

"सोपी घेतली तर त्याला यायला काय कारण राहिलं?"

इतके दिवस मला वाटत होतं की त्यांना त्या तिन्हींतला फरकच कळला नाही. त्यांना सगळा कळला होता. जी आम्हा दोघांना वापरता येणार नाही तीच त्यांना हवी होती. मी आहे ना, असं म्हणावंसं वाटलं. त्याऐवजी आत गेले आणि चहा टाकला.

आता हे पत्र का लिहिलं ते. तू तिकडे परदेशात घर घेतलंस, कायम राहायचे कागद झाले, परत येणार नाहीस, हे तू मला फोनवर सांगितलंस आणि वर म्हणालास, बाबांना तूच सांग, हळूहळू, तुला जमेल. मी सांगितलं. एकदा आडवळणाने, तेव्हा त्यांनी विषय बदलला. एकदा तोंडावर, तेव्हा म्हणाले, "मला तो म्हणालाय, बघू." आईचं सगळं आटोपून निघताना दारात बूट घालत तू म्हणाला होतास ते. तू निघायच्या घाईत एक शब्द टाकून गेलास आणि ते अजून त्याच्यावर जगतायत. मी काहीही बोलले तरी त्यांना वाटतं, ताईला खोटं कळलंय. वेबसाइटवाली महिनाअखेरीपर्यंत थांबलीय, मग ती तिसरी मांडून देईल आणि पान बांधायचं काम तुझ्यासाठी तसंच ठेवून जाईल. तू ये, असं मी लिहीत नाही, ती आशा मी कधीच सोडली. तू बाबांना फोन कर आणि येणार नाही हे तुझ्या तोंडाने सांग. त्यानंतर ते पहिली सीएमएस घेतील असं मला वाटत नाही, बहुतेक टब न्हाणीघरात परत नेऊन ठेवतील आणि सोफा बाहेर आणायला लावतील. तरी सांग. फोन सकाळी कर, मी दवाखान्यात असताना. मी घरात असले तर ते रडणार नाहीत.

तुझीच,
ताई