पाच खटके

१४ नोव्हेंबर, दुपारी

प्रिय चिमणे,

तुझा गुडघा आता बरा असेल, आणि औषध घरात ठेवून तू नुसतं तेल चोळत बसली नसशील, असं समजते.

तुला आठवतं का गं, बाबांच्या गाडीत मागे चादरींच्या गाठोड्यांवर बसून आपण खटके मोजायचो? आपल्या धुलाईच्या कारखान्याच्या चढावर गाडी उभी करताना बाबा पायानं ब्रेक दाबून धरायचे आणि हँडब्रेकचा दांडा सावकाश वर ओढायचे. आपण दोघी ओरडायचो, एक, दोन, तीन, चार, पाच! तू कायम चारलाच पाच म्हणून टाकायचीस. मग हळूच पाय उचलून बघायचं, गाडी जागची हलत नाही ना. मग पहिला गियर. मग खाली उतरून मागच्या चाकाखाली लाकडी पाचर, आणि पाचरेची लाल दोरी चालकाच्या दाराच्या मुठीला, म्हणजे पाचर विसरून कुणी गाडी काढणार नाही. आई म्हणायची, "एवढं तर मुलींना झोपवतानाही करत नाही तुम्ही." बाबा म्हणायचे, "मुली झोपल्या की झोपतात. गाडी काय पाहुणी आहे, बसा म्हटलं की बसायला?"

ओल्या चादरींचा तो वास मला अजून येतो. शाळेच्या गणवेशालाही यायचा, आणि कॉन्व्हेंटच्या सिस्टर नाक मुरडायच्या.

बातमी अशी की कारखाना गेला. धुलाईची यंत्रं एकानं नेली, इस्त्रीची टेबलं दुसऱ्यानं. गाडी काल मोडीत काढली. मेकॅनिक म्हणाला, "बाई, पत्रा चाळणी झालाय, पण हँडब्रेकचे दाते बघा, काल बसवल्यासारखे. ह्या ब्रेकनं कुणाला दगा दिला नसता." मी त्याच्याकडून दांडा कापून घेतला. आत्ता टेबलावर, शाईच्या बाटलीशेजारी आहे.

दुसरी बातमी, गुरुवारी माझं ऑपरेशन आहे. पोटात गाठ आहे. डॉक्टर तरुण आहे, मी बहिरी असल्यासारखा ओरडून बोलतो. "आजी, घाबरायचं नाही!" मी म्हटलं, "बाळा, तू घाबरू नकोस म्हणजे झालं." हसला, पण माझ्याकडे बघायचं टाळून. तू येऊ नकोस. जिने चढवणार नाहीत तुला.

आता मी कपाटं आवरली, खिडक्या पुसल्या, पेनात शाई भरली, दोनदा चहा केला. लिहिण्याचं राहिलं होतं ते लिहिते.

त्या दिवशी तुझ्या यजमानांनी गाडी नीट लावली होती.

बावीस वर्षं झाली. ते सकाळच्या फेरीहून आले, चढावर गाडी उभी केली, पाच खटके, गियर, पाचर, दोरी मुठीला. मी इस्त्रीच्या खोलीच्या खिडकीतून पाहत होते. बाबांनीसुद्धा एवढ्या काळजीनं लावली नसती. मग ते मागच्या अंगणात तुझ्याकडे गेले. गाडीचं मागचं दार उघडताना फाटकाच्या भिंतीला लागत होतं आणि मला रुग्णालयाची गाठोडी काढायची होती. त्यांना हाक मारता आली असती. पण तुम्ही दोघं तिकडे हसत होतात. कशाला ते मला माहीत नाही. मला वाटलं, मला.

मी खिळ्यावरची किल्ली घेतली, पाचर काढली आणि गाडी चार हात वर घेतली. हँडब्रेक ओढला. मोजला नाही, पण ऐकला. दोन. मनगट दुखत होतं आणि तू पुन्हा हसलीस. गियर टाकलाच नाही. गाठोडी काढली, दोन्ही हात भरले होते, म्हणून इस्त्रीच्या खोलीचं दार पायानं ढकललं आणि ते मिटू नये म्हणून खाली पाचर सारली. आत खूप उकडत होतं.

पंधरा मिनिटांनी बाबा धुतलेला माल चढवायला आले. त्यांनी मागचं दार आपटलं, आणि गाडी उतरली. फाटकाचा खांब, गाडी, आणि मध्ये बाबा.

पुढचं तुला माहीत आहे. एक तेवढं नाही. सगळे फाटकाकडे धावले तेव्हा मी आधी इस्त्रीच्या खोलीत गेले. दाराखालची पाचर काढली, दोरी गुंडाळली आणि ती शेडमधल्या खिळ्यावर अडकवली. मग धावले. रुग्णालयात बाबांनी शुद्धीवर येताच विचारलं, "पाचर कुठे होती?" मी म्हटलं, "खिळ्यावर." ते खोटं नव्हतं. शाळेतल्या सिस्टरांनी आपल्याला खोटं न बोलता राहायला किती छान शिकवलं होतं.

तुझे यजमान म्हणत राहिले, "ताई, मी पाच मोजले होते. पाचर लावली होती. तुम्ही खिडकीत होतात, तुम्ही सांगा ना." मी म्हटलं, "मी खाली मान घालून इस्त्री करत होते." मेकॅनिकनं ब्रेक तपासला, बरोबर होता. दांडा दोन खटक्यांवर होता. झालं.

बाबा नऊ वर्षं खुर्चीत बसून होते. रोज सकाळी तोंड धुऊन झालं की सुरू, "पाच मोजता येत नाहीत त्या गाढवाला माझी मुलगी दिली!" मी त्यांना भरवायचे. एकदा मी म्हटलं, "बाबा, त्या दिवशी..." ते म्हणाले, "त्याची बाजू घेऊ नकोस." मला इतकं बरं वाटलं, चिमणे, की मी त्यांना अजून एक घास दिला. तू फाटकापर्यंत यायचीस आणि ते खिडकी लावायला सांगायचे. खिडकी मी लावायचे. तुझी ती पिवळी छत्री दिसेनाशी होईपर्यंत फटीतून बघत राहायचे. माझी लहान बहीण, किती वाळली होतीस.

बाबा गेल्यावर महिन्यानं तुझे यजमान एकटेच आले होते, हे त्यांनी तुला सांगितलं का? दारातच उभे राहिले. म्हणाले, "ताई, इतकी वर्षं मी भांडलो. पण आता रात्री मोजतो तेव्हा मलाच चार ऐकू येतात, कधी तीन. कदाचित पाचर लावलीच नसेन. माझंच चुकलं असेल. मला माफ करा."

मी त्यांना माफ केलं.

ते रडले. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "तुमच्यासारखं माणूस नाही." म्हणून तर मी तुमच्याकडे परत येऊ लागले. दर महिन्याला चहा, आणि मी दिसले की ते आतून चांगली खुर्ची आणतात, रुमालानं पुसतात.

परत गाडीला हात लावला नाही त्यांनी. बावीस वर्षं लिफ्टमध्ये स्टुलावर बसून लोकांना वरखाली नेलं. तुझी मुलगी शाळेची गाडी चालवते, तर रोज संध्याकाळी खाली जाऊन तिचा हँडब्रेक ओढून बघतात. ती चिडते, "बाबा, मी लावलाय!" ते म्हणतात, "मलाही तसंच वाटलं होतं." मागच्या महिन्यात हे मी तुमच्या गॅलरीतून ऐकलं. हातात त्यांनी केलेला चहा होता. मी तो संपवला.

त्यांच्या तोंडावर का सांगत नाही, विचारशील. ते तिथल्या तिथे क्षमा करतील गं. मी दिलेली क्षमा त्यांनी कशी घेतली, ते मी पाहिलंय. मला तसं रडायचं नाही.

आता कुणाला काय, ते लिहिते.

आईची शिवणाची पेटी आणि पिवळ्या फुलांच्या कपबश्या तुला. कपांपैकी एकाचा कान मी चिकटवलाय, त्यातून गरम पिऊ नकोस.

पाचर तुझ्या मुलीला. लाल दोरी नवी घातली आहे, जुनी कुजली होती.

हँडब्रेकचा दांडा तुझ्या यजमानांना. गुरुवारी मी तिथेच संपले, तर दांड्याबरोबर हे पत्रही त्यांना दे. सगळं. मधलं काही न गाळता.

आणि मी घरी परत आले, तर त्यांना नुसता दांडा दे, ताईनं आठवण म्हणून ठेवला होता म्हण, आणि पत्र जाळ. तू जाळशील. चारला पाच म्हणायची तुझी सवय मला लहानपणापासून माहीत आहे. मग पुढच्या महिन्यात मी नेहमीसारखी चहाला येईन. खुर्ची तू आणू नकोस, त्यांनाच आणू दे.

तुझीच,
ताई