‘ग’ची जागा

भवानी पेठ, सोलापूर
ता. ६ डिसेंबर १९३२

चि. मानसिंग यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू करून दिलेल्या लाकडी अक्षरांतला ‘ग’ हरवला, म्हणून हे पत्र लिहिणे भाग पडले. नवा कापून पाठव.

माझी शिकवायची रीत तुला ठाऊक आहे. एका मुलीकडे एक अक्षर. तिने ते घेऊन उभे राहायचे, आवाज काढायचा. शेजारणींनी हात धरले की शब्द जुळतो. ‘ग’ विणकराच्या गौरम्माकडे असे. तिने तो न विचारता घरी नेला, आणि दिवाळीची सुटी संपायच्या आत ती तापाने गेली.

आता ‘गवत’ म्हटले की मुली पुढे एकीची जागा सोडतात. ‘व’वाली तानाबाई त्या रिकाम्या जागेत हात धरून थांबते. काल रागावले, तर म्हणते, बाई, तिचा हात लई तापलाय की.

मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकलेली बाई. असल्या गोष्टींना माझ्या वर्गात थारा नाही. ‘ग’ लवकर पाठव. माया आहे तशीच राहू दे.

तुझी अक्का, बजाबाई


कुर्डुवाडी
ता. ९ डिसेंबर १९३२

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तुझ्यापायी रेल्वेच्या कारखान्यात मला आता सगळे बालवर्गाचा सुतार म्हणतात. असो. पण अक्का, ‘ग’ हरवलेला नाही.

भाऊबीजेला मी आलो तेव्हा तू स्वयंपाकात होतीस. घोंगडीत गुंडाळलेली एक पोर आईबरोबर दारात आली. ‘ग’ माझ्या हातात दिला आणि म्हणाली, बाईंना सांगा, म्या आनलाय, आता साळंत घ्या. हात निखाऱ्यासारखा होता. अक्षर तुझ्या शिवणयंत्राच्या खणात ठेवले आणि गाडीच्या घाईत सांगायचे राहिले. तिचे नावही विचारले नाही.

रागाव, पण पत्र बंद करू नकोस.

तुझा मानसिंग


भवानी पेठ, सोलापूर
ता. १३ डिसेंबर १९३२

चि. मानसिंग यास आशीर्वाद.

नवा करू नकोस. खणात सापडला.

चूक तुझी थोडी, माझी फार. मुलींना घरून आणणाऱ्या शाळेच्या मोलकरणीकरवी मीच निरोप धाडला होता, की ‘ग’ आणल्याशिवाय वर्गात पाऊल टाकायचे नाही. पोरगी कशी आहे, हे विचारले नव्हते.

रविवारी तिच्या घरी गेले. आई मायाक्का मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. सगळे सांगितले. ती म्हणाली, अंगात ताप व्हता, पर ऐकंना. अक्षर दिल्याबिगर बाई घेत न्हाईत म्हनली. मग ‘ग’वर बोट फिरवून तिने विचारले, ह्याला काय म्हनायचं? मी आवाज काढून दाखवला. तिने तो चार वेळा म्हटला.

काल ‘गवत’च्या वेळी पुढच्या जागेत मीच उभी राहिले. तानाबाईने माझा एक हात धरला. दुसरा कोणीच धरला नव्हता. तो अजून गरम आहे.

येत जा.

तुझी अक्का

ता. क. शाळेच्या दप्तरात केलेली नोंद तुलाही कळवते: लाकडी ‘ग’, नग एक, पाठीवर लाकडाची गाठ. देणार बजाबाई, शिक्षिका. घेणार मायाक्का, गौरम्माची आई. परत मागायचा नाही.