ढब्बूची रिकामी वाटी

३ मार्च, सोमवार
सूनबाई आजपासून पुन्हा ऑफिसला. नातू ढब्बू, वय वर्षं दीड, पाळणाघरात जाणार होता. मी हयात असताना! चिरंजीवांना सुनावलं, जन्मभर वर्गच्या वर्ग सरळ केले, हा एक ढब्बू आवरणार नाही होय? शेवटी सूनबाईंनी आठवडाभराची ट्रायल दिली. मला! जमलं तर ढब्बू माझ्याकडे, नाही तर पाळणाघरात. अट अशी की सगळं झाडपाल्याचं. दूध, लोणी, अंडं बंद. जेवण झालं की वाटीचा फोटो पाठवायचा.
संकल्प: रविवारपर्यंत ढब्बू नॅपकिन लावून, चमच्याने, न सांडता जेवेल.

४ मार्च, दुपार
मसूर आणि बीट. ढब्बूने एक घास घेतला, शांतपणे विचार केला आणि माझ्या चष्म्यावर परत केला. दुसरा घास माझ्याच तोंडाकडे ढकलला. खाल्ला. मुलांपुढे आदर्श नको? उरलेलंही मीच संपवलं. लहानपणी कॉन्व्हेंटमध्ये पानात टाकलं की सिस्टर कान पिळायच्या.
रिकाम्या वाटीचा फोटो धाडला. सूनबाईंकडून टाळ्या. आलेल्या टाळ्या परत कशा करणार?

५ मार्च
टोफू. खोडरबर चघळणाऱ्या मुलांना मी बाकावर उभं करायचे. इथे तेच वाफवून खायचं म्हणे. किंचित लोणी घातलं. गाय तरी गवतच खाते ना? ढब्बूने तोंड फिरवलं. मी खाल्लं. वाटी रिकामी. टाळ्या.

६ मार्च
गॅलरीत केळ्याची सालं! ह्यांना फैलावर घेतलं. म्हणतात, अगं, पोराचं पोट कशाने तरी भरायला हवं, आणि केळं झाडालाच लागतं. म्हणजे माझ्या शिस्तीला घरातूनच सुरुंग.

७ मार्च
प्रचंड प्रगती! ढब्बू स्वतः चमचा धरतो, भरतो, थेंब न सांडता माझ्या तोंडात घालतो. आता फक्त दिशा बदलायची राहिली.

८ मार्च
ब्लाउज आटला. नवा साबण भिकार आहे.

९ मार्च, रविवार
परीक्षा. टेबल मांडलं, काटे-चमचे ओळीत. सूनबाई आणि चिरंजीव समोर. ढब्बूला नॅपकिन लावला. त्याने तो काढून माझ्या गळ्याशी खोचला, भोपळ्याचा चमचा भरला आणि म्हणाला, आ.
मी आ केला. सगळ्यांदेखत. तोंड मिटायचं सुचेपर्यंत दुसरा चमचा आत. वर हनुवटी पुसून दिली. चिरंजीव चमचा शोधायला टेबलाखाली गेले. चमचा पडलाच नव्हता. सूनबाई म्हणाल्या, आई, वळण अगदी छान लागलंय. कोणाला, ते बोलल्या नाहीत.
उद्यापासून पाळणाघर. मी म्हटलं, खुशाल न्या. मलाही कामं आहेत.

१० मार्च
कामं नव्हती. पाळणाघरातून फोटो आला, ढब्बू ओळीत बसून वाटाणे खातोय. स्वतःच्या तोंडाने. पाया माझाच, पण सांगणार कोणाला?
दुपारी सवयीने मसूर शिजवली. वाटी पुढे घेऊन बसले. घास काही उचलवेना. हे आले, समोर बसले, चमचा भरून म्हणाले, आ.
केला. निम्मं सांडलं. ढब्बूची सर नाही.