खोली भरलेली आहे

३ मार्च, मंगळवार

अख्खा दिवस पाण्यात! नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, पहिल्यांदा लावला की झकास चालतो. काढून परत लावला की कर्नल, म्हणजे मशीनच्या सिस्टीमचा गाभा, हात वर करतो — इंटरप्ट शिल्लक नाहीत. कार्डाला काही सांगायचं असलं की ते कर्नलला हाक मारतं, आणि त्या हाकांसाठी कर्नल मोजके नंबर देतो. पहिल्यांदा गुपचूप देतो, दुसऱ्यांदा नाही म्हणतो. अरे, तेच कार्ड, तेच मशीन, आता कुठे गेले नंबर?

साहेब म्हणाले, "शुक्रवारपर्यंत मिटव." मिटव म्हणे!

हे सगळं जेवणाच्या टेबलावर. अर्ध्या टेबलावर माझी दोन उघडी मशीनं, उरलेल्यावर बाबांचं ताट. पलीकडे ताईची खोली कुलूपबंद. ती घर सोडून गेल्यापासून बाबा कुणाला आत पाऊल टाकू देत नाहीत. दर रविवारी कुलपात तेल मात्र घालतात. कुलपाचे एवढे लाड मी कुठे पाहिले नाहीत.

४ मार्च

दुपारी ताईचा फोन. ती काम करायची ती प्रयोगशाळाच बंद झाली. "परत येऊ का रे? बाबांचा अंदाज घे. पण एकदम माझं नाव काढू नकोस."

चार वर्षांपूर्वी ती त्या नोकरीसाठी निघाली तेव्हा बाबा म्हणाले होते, "गेलीस तर परत येऊ नकोस." तेव्हापासून दोघांचाही अबोला. एकाच माळेचे मणी!

जेवताना हळूच विचारलं, "बाबा, ती खोली वापरायला काढायची का?"

"खोली भरलेली आहे." भाजी वाढून घेतली, विषय संपला.

ताईला तसं कळवलं. "बरं," म्हणाली, "बघते मग इकडेच कुठेतरी भाड्यानं." तिचा आवाज ऐकवेना. बाबांचा असा राग मला क्वचित येतो.

५ मार्च

इंटरप्ट तसेच. ताई आज खोल्या बघत फिरतेय.

६ मार्च, शुक्रवार

सापडलं! आमच्या टीममधली चष्मेवाली फोनवर वैतागली — "तो नाही म्हणतोय हेच काय ऐकत बसलायस? नंबर कुणाकडे आहेत ते छापून बघ ना." छापलं. सगळे त्याच कार्डाच्या नावावर! ड्रायव्हर जाताना हाका ऐकायचं बंद करतो, पण नंबर परत करायला विसरतो. परत आला की नव्यानं मागतो, आणि कर्नल बापडा सांगतो, शिल्लक नाहीत. खोटं कुठे बोलतोय तो? ज्याच्यासाठी अडकवून ठेवलेत तोच दारात उभा आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. जाताना नंबर परत करायची एक ओळ घातली. कितीदा काढला, कितीदा लावला — चालतोय. साहेब खूश.

चहा टाकताना डोक्यात आलं, बाबांचंही मी नुसतं ‘नाही’ तेवढंच ऐकलं. विचारलं, "खोली कशानं भरलीय, बाबा?"

पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "तुझे ते डबे मांडायला मी ती देणार नाही. तिची आहे ती."

"तिच्यासाठीच विचारत होतो. ताई परत यायचं म्हणतेय."

पान काही उलटेना. मग — "तसं बोलावं ना मग, गाढवा."

लगेच ताईला फोन केला. ती आधी रडली, मग मला शिव्या घातल्या.

खोली झाडून ठेवतो म्हणून किल्ली मागितली, तर नाही म्हणाले. "तिची ती उघडेल." तिची ती कशी उघडणार? किल्ली तर यांच्या चष्म्याच्या डबीत! म्हातारा महाहट्टी आहे. फार आवडतो मला.

८ मार्च, रविवार

ताई आली. बाबा दारातून बाजूला झाले. तिनं चपला काढल्या, पर्समधून स्वतःची किल्ली काढली आणि खोली उघडली. कुलूप जरासुद्धा अडलं नाही.