नमस्कार शेवटी

ल्विव्ह, युक्रेन
१४ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप अण्णा,

नमस्कार शेवटी करते, आधी बातमी ऐका. मी सुटले! इथल्या सैन्याने काल मला कामातून मुक्त केलं. कागदावर तीनदा सही करावी लागली, कारण जुन्या सहीशी जुळेचना. कारकून वैतागला, मी मात्र हसत होते.

तुम्ही फोन घेत नाही, म्हणून पत्र. युद्ध सुरू झालं तेव्हा लातूर-नांदेडची सगळी पोरं विमानाने परत गेली आणि नुकतीच डॉक्टर झालेली तुमची थोरली लेक इथल्या लष्करी दवाखान्यात राहिली. तुम्ही फोनवर म्हणालात, "ते काय आपलं सैन्य हाय का, माले? धडधाकट येणार असशील तर ये, न्हाईतर रेणापूरला तोंड दाखवू नको." रागात बोललात, माहीत आहे. पण मी "हाव, धडधाकट येईन" म्हणाले होते. तो शब्द मला अजून टोचतो.

काम झकास केलं हो मी. अवघड टाके असले की मोठे डॉक्टर मलाच हाक मारायचे. आई विचारते, जेवतेस का? जेवते. धाकट्या देविकाला सांगा, इथलं नेट खराब नाही, कॅमेरा मीच बंद ठेवते.

अक्षर बघून तुम्ही लाल पेन शोधत असाल. मास्तरांच्या लेकीचं अक्षर असं? मी दुसरीत असताना तुम्ही माझा डावा हात उपरण्याने खुर्चीला बांधायचात, आठवतं? "डाव्यानं लिव्हलं की सरस्वती रुसती," म्हणायचात. वर्षभरात उजव्याने इतकं सुंदर अक्षर आलं, की तुम्ही माझी वही सगळ्या शाळेला दाखवलीत.

अण्णा, हे पत्र डाव्याने लिहिलंय.

जुलैमध्ये दवाखान्यावर क्षेपणास्त्र पडलं. माझा उजवा हात आता मनगटापासून पुढे नाही. कुठून कापायचा ते मीच सांगितलं. जखम छान भरली. आठवडाभर रडले, मग नर्सकडे पेन मागितलं.

आता शस्त्रक्रिया करणं संपलं. नाडी, छाती, पोट मात्र डाव्याने तपासते, गेले दोन महिने इथे तेच केलं. तिकडे आल्यावर परदेशात शिकलेल्यांची डॉक्टरकीची परीक्षा द्यावी लागेल, ती पास होईन आणि रस्त्याकडच्या आपल्या खोलीत दवाखाना टाकीन. त्यातली सोयाबीनची पोती हलवा.

हात बांधायचात त्याचा राग नाही, असं खोटं लिहिणार नाही. थोडा आहे. भेटल्यावर भांडू.

अठ्ठावीसला सकाळी लातूर स्टेशनवर उतरते. मी धडधाकट आहे की नाही, ते तुम्ही बघून ठरवा. नमस्काराला दोन हात लागतात, म्हणून वर लिहिला नाही. तुम्ही स्टेशनवर आलात, तर पायांवर डोकं ठेवीन.

तुमची डावरी,
माला