जावेच्या स्वयंपाकघरातले त्रेचाळीस अंश

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा कपडे शिवणे, गल्लीत सगळ्यांची शिलाईमावशी, हे मृत्युपत्र माझ्याच हस्ताक्षरात करून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी जोडला आहे. कोणाचे दडपण नाही. माझ्यावर दडपण आणणारा अजून जन्माला यायचा आहे.

१. पत्र्याखालची ही खोली व पोटमाळा ही माझ्या कष्टाची कमाई आहे. ती माझ्या मुलाला मिळावी. पत्र्याला दर उन्हाळ्याआधी पांढरा रंग द्यावा. मुलगा हसेल. हसू दे, पण रंग देऊ दे.

२. शिवणयंत्र व दोन्ही कात्र्या सुनेला. मोठ्या कात्रीने कागद कापू नये.

३. तापमानाच्या वह्या, नग सात, व माझा थर्मामीटर धाकट्या जावेला द्यावा. याचे कारण लिहिणे भाग आहे.

सहा वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी मला विचारले होते, उन्हाळ्यात घेरी येऊन दवाखान्यात येतात त्या बायका बहुतेक आपल्याच गल्लीतल्या का? मलाही तो प्रश्न चावू लागला. त्यांनी अठरा थर्मामीटर आणले. अठरा घरांनी ते स्वयंपाकघरात टांगले. रोज दुपारी दोनला प्रत्येकीने आकडा बघायचा आणि मला सांगायचा, वही माझ्याकडे.

सगळीकडे चाळीसच्या आतबाहेर आकडे. जावेकडे मात्र रोज त्रेचाळीस. मला वाटले, ही नेहमीसारखी वाढवून सांगते. चार पाहुणे आले तर दहा म्हणायची सवय. मी तिला काही बोलले नाही. तिचा आकडा लिहायचा आणि त्यावर रेघ मारायची, असे दोन महिने केले.

मे महिन्यात ती ओट्यापाशी कोसळली. पाच दिवस इस्पितळात होती. मी भेटायला गेले तेव्हा तिने कूस बदलली आणि हळूच म्हणाली, "आकडा खरा होता, जाऊबाई."

तिला रेघा कशा कळल्या, मी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी माझा थर्मामीटर तिच्या घरात टांगला, तिचा माझ्या घरात आणला. माझ्याकडे चाळीस. तिच्याकडे त्रेचाळीस. म्हणजे यंत्र बरोबर, बाई खरी, खोट माझ्यात.

मग तीन अंश येतात कुठून, हे शोधायला लागले. जमीन, छप्पर, खिडकी चाचपली. शेवटी मागच्या भिंतीला तळहात लावला आणि झटकन काढला. भिंतीपलीकडे बेकरीच्या भट्टीचे धुराडे होते. बेकरीवाल्यालाही ठाऊक नव्हते की त्याचे धुराडे कोणाच्या ओट्याला टेकले आहे.

४. वॉर्ड कार्यालयातल्या अभियंत्याबद्दल माझ्या मनात जो राग आहे तो मी येथे सोडून देते. बायकांच्या वह्यांवर कामे निघत नाहीत, असे ते म्हणाले होते. डॉक्टरीणबाईंनी वाद घातला नाही. फक्त दुपारी दोनला जावेच्या ओट्याजवळ स्टूल ठेवून त्यांना बसायला सांगितले. ते अकरा मिनिटे बसले, दोन तांबे पाणी प्यायले, आणि उठताना वही मागितली. त्या वर्षी धुराडे फिरले, अठरा छपरे पांढरी झाली, दुपारी शाळेचा हॉल म्हाताऱ्यांना उघडा झाला. जावेचा आकडा सदतीसवर आला. तिसरी वही अजून साहेबांकडेच आहे, ती मात्र मागून आणावी.

५. खोडलेले आकडे मी लाल शाईने पुन्हा लिहिले आहेत. जावेला तोंडाने कधी माझे चुकले असे म्हणाले नाही. जमले नाही. येथे म्हणते. तिने वहीत पुढे लिहावे, आणि कोणाचाही आकडा विचारल्याशिवाय खोडू नये.

६. मी गेल्यावर खोलीचा ताबा मुलाने महिनाभर घेऊ नये. शेगडी बंद, दिवा बंद, माणूस नाही, अशी खोली किती तापते हे गल्लीत कोणी पाहिलेले नाही. अर्धी उष्णता छपराची, अर्धी आपली, असा माझा कयास आहे, चुकीचाही असेल. माझा थर्मामीटर तोवर इथेच टांगलेला ठेवावा आणि जावेने रोज दोनला दार उघडून आकडा बघावा. हा एक आकडा मला स्वतःला कधीच घेता आला नाही, कारण मी सतत खोलीत होते.

वाचून, समजून, खाडाखोड न करता सही केली.

सही: शिलाईमावशी
साक्षीदार: १. डॉक्टरीणबाई २. बेकरीवाले (दोघांनाही यातून काहीही मिळत नाही, हे त्यांना सांगितले आहे)
ठिकाण: राहते घर, यंत्रापाशी
दिनांक: ११ एप्रिल, दुपारी दोन. अडतीस अंश.